साहसाचा नकाशा कळमनुरीपासून काढा

कळमनुरीतल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने साहसाचा खेळ रचायला घेतला, तर त्याची पहिली गोष्ट इजिप्तच्या थडग्यात किंवा ॲमेझॉनच्या जंगलात घडेल, अशीच शक्यता जास्त. त्यात त्या मुलांचा दोष नाही. या खेळाची पुस्तके तिकडची, चित्रपट तिकडचे, संगणकावरचे अवतारही तिकडचेच. पण ज्या तालुक्याच्या अंगाला पैनगंगेची जुनी सरहद्द लागते, ज्याच्या शेजारी एकेकाळी निजामी फौजेची छावणी असलेले हिंगोली आहे, ज्याच्या जमिनीतून आजही आवाज येतात आणि ज्याच्या जिल्ह्यात विश्वातल्या लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे, त्या तालुक्याने साहस बाहेरून मागवावे हे पटत नाही. साहसाच्या खेळाला लागणारी उत्तम सामग्री खऱ्या इतिहासात आणि खऱ्या भूगोलात असते, आणि ती आपल्या पायाखाली आहे. ती वापरताना खऱ्या माणसांशी इमान राखले, तर खेळ सरस होतो आणि खेळणाराही शहाणा होतो, असे माझे म्हणणे आहे.

हा खेळ ज्यांच्या परिचयाचा नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. 1974 मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला आणि रोल-प्लेइंग गेम नावाचा प्रकार रूढ झाला. एकजण सूत्रधार होतो आणि प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेऊन आपण काय करतो ते बोलून सांगतात. जिथे जमेल की नाही याची शंका असेल तिथे फासे टाकतात. दशावतारात किंवा वगात कथानक ठरवून घेतात आणि संवाद उभ्या उभ्या रचतात, त्याच्या जवळचा हा प्रकार आहे. मात्र इथे शेवट सूत्रधारालाही आधी ठाऊक नसतो. या खेळाची एक शाखा ‘पल्प’ साहसांची. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर छापल्या जाणाऱ्या अमेरिकी मासिकांवरून हे नाव पडले. वेगवान घटना, धाडसी नायक, पाताळयंत्री खलनायक आणि अगदी अखेरच्या क्षणी सुटका हा त्या मासिकांचा साचा. मराठी वाचकाला तो नवा नाही. बाबुराव अर्नाळकरांच्या ‘झुंजार’ आणि ‘काळा पहाड’ने, गुरुनाथ नाईकांच्या कादंबऱ्यांनी, नारायण धारपांच्या ‘समर्थ’ने आपल्याकडे पिढ्या जागवल्या आहेत. 1981 च्या ‘कॉल ऑफ क्थुल्हू’ या खेळाने अशा रहस्यांना 1920 च्या दशकातल्या शोधकथांची जोड दिली. त्याचे 1984 मधले ‘मास्क्स ऑफ न्यार्लाथोटेप’ हे गाजलेले साहस खेळाडूंना न्यू यॉर्क, लंडन, कैरो, केनिया आणि शांघायला फिरवून आणते. भारत त्या वाटेवर येत नाही.

आता कळमनुरीपासून वीसेक किलोमीटरवरचे हिंगोली घ्या. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही तिथल्या वस्त्यांची नावे जुन्या छावणीचा नकाशाच सांगतात. निजामाच्या नोकरीत असलेला इंग्रज अधिकारी फिलिप मेडोज टेलर याने 1839 मध्ये ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्या प्रस्तावनेत त्याने हिंगोलीची एक हकिगत दिली आहे. हरिसिंग हा छावणीतला प्रतिष्ठित व्यापारी. खुद्द टेलरचाही त्याच्याशी व्यवहार होता. हाच हरिसिंग त्या भागातल्या, वाटसरूंना मारून लुटणाऱ्या ठगांचा म्होरक्या निघाला. हिंगोलीजवळच्या गावचा एक व्यापारी मुंबईहून कापड घेऊन येतो आहे हे त्याला ठाऊक होते. त्याने जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे मुंबईहून कापड आणण्याचा परवाना मागितला. मग त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि बैल हाकणाऱ्यांना ठार करून, त्यांचाच माल त्या परवान्यावर हिंगोलीत आणला आणि भर छावणीत उघडपणे विकला. पकडला गेल्यावर त्याने स्वतः सांगेपर्यंत हे उघडकीला आले नव्हते. छावणीच्या बाजारातच, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत माणसे मारली गेली आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर, नदीला मिळणाऱ्या एका कोरड्या ओहोळात पुरली गेली, असे टेलर लिहितो. त्यांतले काही खड्डे उकरले तेव्हा तो तिथे हजर होता.

खेळ रचणाऱ्याच्या नजरेने ही हकिगत पुन्हा वाचा. गुप्त तळघर नाही, शापित मूर्ती नाही, मंत्रतंत्र नाही. एक सरकारी कागद आहे, कापडाचे गठ्ठे आहेत, बैल आहेत आणि सगळ्यांच्या ओळखीचा एक सभ्य माणूस आहे. जो परवाना वाटसरूच्या रक्षणासाठी असायचा तोच लुटीचा माल धुऊन काढतो. खेळाडूंना छावणीतले कारकून, कासार, शिपाई, सराईवाली अशी पात्रे द्यावीत आणि एकच प्रश्न पुढे ठेवावा : मुंबईहून निघालेला माल पोचला, तो घेऊन येणारी माणसे का पोचली नाहीत? शोधाचा माग काढायला जकातीची नोंद, गठ्ठ्यावरची खूण, बैलांची ओळख एवढे पुरते. काल्पनिक पंथाच्या काल्पनिक पुजाऱ्यापेक्षा हा शोध अधिक थरारक ठरतो, कारण इथे धोका ओळखीच्या चेहऱ्यामागे आहे. भीती अशी रोजच्या व्यवहारातून आली की ती खरी वाटते. कल्पनेने रचायला अवघड असे हे तपशील वास्तव आपल्याला फुकट देते.

याच विषयाचे परक्यांनी काय केले तेही पाहिले पाहिजे. 1984 मध्येच आलेला ‘इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम’ हा चित्रपट ठगांवर बेतलेला होता. त्यातला भारत म्हणजे माकडाचा मेंदू खाणारे दरबारी आणि माणसाचे काळीज काढणारा पुजारी. पटकथेवरून भारतात परवानगीची अडचण आली आणि चित्रीकरण श्रीलंकेत झाले. अमरीश पुरींनी ती खलभूमिका ताकदीने केली, पण चित्र आपले नव्हते. हिंगोलीच्या हरिसिंगाला काळीज काढण्याची गरज पडली नव्हती, त्याला परवाना पुरला. खऱ्या नोंदीतला धूर्त व्यापारी बाजूला पडला आणि त्याच्या जागी देवीच्या नावाने किंचाळणारी गर्दी आली. पल्पचा खरा दोष इथे आहे. तो भडक आहे हे चालते, पण दुसऱ्याच्या देशाची माहिती न घेता त्याला भडक रंग फासतो, हे चालू नये. या दोषावर उपाय एकच. त्या भूमीतल्या लोकांनी आपल्या गोष्टी स्वतः रचाव्यात आणि माहिती घेऊन रचाव्यात.

इथे एक रास्त आक्षेप येतो. टेलरची हकिगत तरी कितपत खरी? तो निजामाच्या नोकरीतला असला तरी इंग्रजी सत्तेचाच माणूस, आणि ठगांविषयीची बरीचशी माहिती माफीच्या साक्षीदारांच्या तोंडची. इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमनच्या ठगविरोधी मोहिमेत पकडलेल्यांपैकी काहींना साक्षीच्या बदल्यात जीवदान मिळे, आणि जीव वाचवायला बोलणारा माणूस किती खरे बोलेल हा प्रश्न तेव्हाही होता. 1836 च्या कायद्याने तर ठगांच्या टोळीत असल्याचे सिद्ध झाले एवढ्यावरच जन्मठेप देता येऊ लागली. वाटमारी खरीच होती, पण तिचे ‘ठगांचा पंथ’ हे चित्र सत्तेच्या सोयीने किती रंगवले गेले, यावर इतिहासकार आजही वाद घालतात. त्या विचाराची पुढची पायरी म्हणजे 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा. त्याने पूर्ण जमातीच जन्माने गुन्हेगार ठरवल्या. तो 1952 मध्ये रद्द झाला, तरी त्याचा कलंक पारधी, कैकाडी अशा समाजांनी आजही सोसावा, ही महाराष्ट्राला लाज आणणारी गोष्ट आहे. म्हणून खेळ रचणाऱ्याने पहिला नियम हाच धरावा : खलनायक हा माणूस असतो, जात किंवा जमात कधीच नसते. हा नियम पाळल्याने खेळ फिका पडत नाही. उलट माफीच्या साक्षीदारावर विश्वास ठेवायचा की नाही, त्याने दाखवलेला माणूस खरोखर दोषी आहे की जुन्या वैराचा बळी आहे, हा पेच खेळाडूंपुढे टाकला की साधी पाठलागाची गोष्ट न्यायाची गोष्ट होते. शंकास्पद पुरावा इतिहासकाराला त्रास देतो. खेळाला मात्र तोच जिवंत ठेवतो.

दुसरा मोठा साठा पैनगंगेच्या काठावर आहे. ज्या फौजेचा खर्च निजामाकडे थकला होता, तिच्यासाठी 1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेले. हिंगोलीची छावणी त्याच हैदराबाद कंटिंजंटची. तेव्हापासून कळमनुरीच्या बाजूला निजामाचा अंमल आणि नदीपल्याड उमरखेडच्या बाजूला इंग्रजांचा, अशी स्थिती आली. 15 ऑगस्ट 1947 ला पल्याड स्वातंत्र्य आले, अल्याड आले नाही. पुढचे तेरा महिने ही नदी दोन जगांमधली सीमा होती. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसने निजामी हद्दीबाहेर सरहद्दीवर छावण्या उभारल्या, उमरखेड हे त्यांतले एक ठिकाण. कार्यकर्ते रात्री हद्द ओलांडून येत, करोडगिरीचे म्हणजे जकातीचे नाके उद्ध्वस्त करत, परत जात. 1948 च्या जानेवारीअखेर नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लढ्यासाठी लुटली गेली आणि त्या लाखो रुपयांचा हिशेब ठेवला गेला. जालन्याकडच्या दगडाबाई शेळके हातबॉम्ब घेऊन लढल्या. वापटीच्या हुतात्मा बहिर्जी शिंदे यांचे नाव वसमतचे महाविद्यालय आजही चालवते. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि 17 सप्टेंबरला निजामाने शरणागती दिली.

या काळाची ताकद नुसत्या धाडसात नाही, अडचणीत आहे. पल्प कथेतला नायक विमानाने उडतो, दोरीला लटकतो, वेळेवर पोचतो. पावसाळ्यातली पैनगंगा असे काही करू देत नाही. दुथडी भरलेल्या नदीत उतार कुठे, नावाडी कोणाच्या बाजूचा, सांगडीवर किती ओझे पेलेल, बैलगाडीला चिखलातून किती वेळ लागेल, नाक्यावरचा शिपाई रात्री कधी झोपतो, हे प्रश्न सूत्रधाराने नकाशा समोर ठेवून विचारावेत. पल्याडहून निरोप आणायचा आहे आणि पहाटेपर्यंत परत यायचे आहे, एवढी साधी कामगिरी दोन तास श्वास रोखायला लावते. काल्पनिक जगात अडचण आली की लेखक नवी वाट काढून देतो, म्हणून तिथले संकट पोकळ वाटते. खरी नदी कोणाच्या सोयीने आटत नाही. खऱ्या जागेवर खेळ रचावा याचे सर्वांत भक्कम कारण मला हेच वाटते. खऱ्या जागेच्या मर्यादा खेळाडूला विचार करायला लावतात, आणि विचार करून मिळवलेली सुटका फाशाच्या कृपेने मिळालेल्या सुटकेपेक्षा कितीतरी गोड असते.

ज्यांनी रक्त सांडले त्यांच्यावर खेळ कसा करता, हा दुसरा आक्षेप भावनेतून येतो आणि त्याचा मान राखला पाहिजे. पण हुतात्म्यांवर पोवाडे झाले, नाटके झाली, शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यांचे वेष चढवले गेले, तेव्हा कोणी त्याला अवमान म्हटले नाही. सोंग घेणे हा आपल्याकडे आदराचाही मार्ग आहे. तरी दोन पथ्ये पाळावीत. खऱ्या हुतात्म्याला कोणीही आपले पात्र करू नये. खेळाडूंनी काल्पनिक सोबती, निरोपे, गावकरी व्हावे आणि खरी माणसे आदराने दूर, पार्श्वभूमीला राहावीत. शिवाय घडलेल्या घटनेचा निकाल फाशावर सोडू नये. मुक्तिसंग्राम जिंकला गेला, हे ठरलेले आहे. खेळाडूंच्या हाती असते ते एवढेच, की त्या रात्री त्यांच्या गावातले कोण वाचले आणि त्यासाठी कोणी काय पणाला लावले.

याहून कठीण प्रश्न धर्माचा आहे. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांची गोष्ट सांगताना ती हिंदू विरुद्ध मुसलमान अशी घसरू शकते, आणि मिश्र वस्तीच्या कळमनुरीसारख्या गावात ती तशी घसरणे घातक आहे. यावर उपाय गोष्ट टाळण्याचा नाही, पूर्ण सांगण्याचा आहे. रझाकारांविरुद्ध निर्भीडपणे लिहिणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान हे मुसलमान होते आणि ऑगस्ट 1948 मध्ये त्यांचा खून झाला. भारतीय फौजांच्या सप्टेंबरमधल्या पोलीस कारवाईनंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत निरपराध मुसलमानांवर अत्याचार झाले, ते सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने नोंदवले. या दोन्ही गोष्टी खेळात आल्या पाहिजेत. शेजाऱ्याला घरात लपवणारा हिंदू आणि निरोप पोचवणारा मुसलमान ही पात्रे एकाच टेबलावर असली, तर पुस्तकातल्या एका परिच्छेदापेक्षा मुले अधिक समजून घेतील. कारण खेळात दुसऱ्याच्या जागी नुसते पाहायचे नसते, त्याच्या जागी बसून निर्णय घ्यायचा असतो.

तिसरा साठा गुप्तधनाच्या गोष्टींचा. पल्प साहसाचा सर्वांत आवडता विषय म्हणजे पुरलेला खजिना, आणि तिथे आपल्या मातीने परकीय साचा सरळ उलटा करायला हवा. गुप्तधन हा आपल्याकडे गमतीचा विषय नाही. त्याच्या नादाने जुनी मंदिरे आणि गढ्या उकरल्या जातात, घरे देशोधडीला लागतात, आणि क्वचित माणसांच्या जिवावर बेतते. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या नावाखाली होणाऱ्या अमानुष कृत्यांचा स्पष्ट समावेश आहे, तो उगाच नाही. मराठवाड्यातल्या खेळात म्हणून खजिना शोधणारा हा खलनायक असावा. गावातल्या कुणाला तरी पायाळू ठरवून अंधाऱ्या रात्री घेऊन जाणारा मांत्रिक, त्याच्यामागचा मूर्तिचोर, त्याला पैसा पुरवणारा शहरातला दलाल, आणि त्यांच्या मागावर असलेली शिक्षिका, हवालदार आणि औंढ्याच्या प्राचीन शिल्पांचा अभ्यास करणारा विद्यार्थी असे साहस रचावे. थरार तोच राहतो आणि नीती आपल्या अनुभवातून येते. परदेशी नायक दुसऱ्याच्या देवळातली मूर्ती उचलून संग्रहालयात नेतो आणि टाळ्या घेतो. आपला नायक मूर्ती जागच्या जागी राखतो.

चौथा साठा आजचा आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ तालुक्यांतल्या अनेक गावांना जमिनीतून येणारे आवाज परिचयाचे आहेत. 21 मार्च 2024 ला सकाळी 4.5 तीव्रतेचा भूकंप झाला, त्याचे केंद्र कळमनुरी तालुक्यात आखाडा बाळापूरच्या परिसरात होते. 10 जुलैला पुन्हा तेवढाच धक्का बसला, या वेळी केंद्र रामेश्वर तांडा. याच जिल्ह्यात, औंढ्याजवळ दुधाळा इथे ‘लायगो इंडिया’ ही वेधशाळा उभी राहते आहे. केंद्र सरकारने एप्रिल 2023 मध्ये तिच्यासाठी 2,600 कोटी रुपये मंजूर केले. एकमेकींना काटकोनात असलेल्या, प्रत्येकी 4 किलोमीटर लांबीच्या दोन भुजांतून लेसर किरण धावतील आणि कृष्णविवरांच्या टकरीतून उठणाऱ्या लहरी टिपतील. नामदेव आणि विसोबा खेचरांच्या आठवणी जपणारे औंढ्याचे मंदिर, गुरगुरणारी जमीन आणि विश्वाचा कानोसा घेणारे यंत्र हे तिन्ही एका जिल्ह्यात आहेत. साहसकथेच्या लेखकाने हे रचले असते, तर फार जुळवून आणले म्हणून त्याला नावे ठेवली गेली असती.

इथे विवेकी वाचक म्हणेल, लोक आधीच घाबरलेले आहेत, त्यांच्या भीतीचा खेळ करून अफवांना खतपाणी का घालता? हे भय मला मान्य आहे. किल्लारीचा सप्टेंबर 1993 चा भूकंप मराठवाडा विसरलेला नाही. म्हणून या विषयावरच्या खेळात आवाजामागे राक्षस किंवा पुरलेले यंत्र काढू नये. कमी खोलीवरचे लहान धक्केसुद्धा कानाला ऐकू येणारा आवाज करतात, ही वैज्ञानिक माहिती खेळाचा पाया असावी. खलनायक हवाच असेल तर भीतीचा धंदा करणारा घ्यावा. ‘गाव बुडणार’ असे सांगून जमिनी कवडीमोलाने घेणारा दलाल यासाठी अगदी योग्य. लोणारचे सरोवर जून 2020 मध्ये गुलाबी झाले, तेव्हा तर्कांना ऊत आला होता. शास्त्रज्ञांनी तपासले आणि खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवले. हे उत्तर कोणत्याही शापापेक्षा अद्भुत आहे. रहस्य उकलल्यावर कुतूहल वाढते, हे मुलांना कळण्यासाठी साहसाच्या खेळाइतकी चांगली जागा नाही.

शेवटचा आक्षेप वाङ्मयाच्या प्रतिष्ठेचा. पल्प म्हणजे सवंग, त्यात वेळ दवडण्यापेक्षा मुलांनी सरळ इतिहास वाचावा, असे अनेकांना वाटते. इतिहास वाचावाच. पण वाचायची भूक कुठून येते? अर्नाळकरांची पुस्तके भाड्याने नेणाऱ्या कित्येक वाचकांनी पुढे गंभीर ग्रंथ हातात घेतले. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा होता, आणि त्या एका गावाच्या नावाने खेड्यातल्या पोरालाही साहसाचा नायक होता येते हे मराठी मुलांना सांगितले. कळमनुरीला तिचा फुरसुंगीकर मिळालेला नाही. खेळाची गंमत अशी की इथे लेखकाची वाट पाहावी लागत नाही. टेबलाभोवती बसणारे सगळेच लेखक असतात. आणि पैनगंगेच्या काठची गोष्ट रचायची, तर नदीचे उतार विचारायला आजोबांकडे जावे लागते, जुन्या परभणी जिल्ह्याचे गॅझेटिअर उघडावे लागते, अनंत भालेरावांचा हैदराबाद मुक्तिसंग्रामावरचा ग्रंथ चाळावा लागतो. जो खेळ मुलाला ग्रंथालयात आणि वडीलधाऱ्यांच्या ओसरीवर नेतो त्याला सवंग म्हणता येणार नाही.

खर्चाची सबबही टिकत नाही. परदेशी पुस्तके महाग आहेत आणि इंग्रजीत आहेत हे खरे. पण हा खेळ वही, पेन्सिल, दोन फासे आणि तालुक्याचा नकाशा एवढ्यावर चालतो. भाषा मराठी असावी, आणि जमेल तिथे बंजारा, उर्दू आणि आंध बांधवांच्या घरातली बोलीही तिच्यात यावी. कळमनुरीत आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, कारण इथे आंध समाजाची मोठी वस्ती आहे. एकेकाळी फौजांना धान्य पुरवत देशभर बैलांचे तांडे हाकणाऱ्या बंजाऱ्यांचे तांडे इथे आहेत. त्यांच्या गोष्टी त्यांच्या मुलांनी सूत्रधार होऊन सांगाव्यात. इतरांनी त्या वापरायच्या तर आधी विचारावे, आणि त्यांच्या देवदेवतांना भीतीचे सोंग देऊ नये.

म्हणून शिक्षकांना, ग्रंथपालांना आणि पालकांना माझी सरळ विनंती आहे. 17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिदिन येतो. त्या दिवशी ध्वजवंदनानंतर भाषणे होतातच. त्या जोडीला तालुक्यातल्या प्रत्येक सार्वजनिक वाचनालयाने एक टेबल मांडावे, पाच मुलांना बसवावे, त्यांच्यापुढे पैनगंगेचा नकाशा आणि दोन फासे ठेवावेत आणि विचारावे : रात्र झाली आहे, नदी भरली आहे, निरोप पल्याड पोचवायचा आहे, तुम्ही काय कराल? उत्तरासाठी त्यांना आपलाच तालुका पाहावा लागेल. ज्या मुलांनी एकदा तो असा पाहिला, त्यांना साहसासाठी कैरोची गरज पडणार नाही, आणि पुढे कधी ती कैरोला गेलीच, तर तिथल्या माणसांकडे सोंगे म्हणून पाहणार नाहीत.